पॅडचे पदर आणि पेटंटची भांडणं



जत तालुक्यात कुठल्याही बचत गटाच्या बैठकीत नव्या धंद्याचा विषय निघाला, की पापड, शेवया, शिलाई, शेळ्या यांच्या मागोमाग आता पॅडचं नाव येतं. आणि पॅडचं नाव आलं, की कुणीतरी हळूच विचारतं, "त्याचं पेटंट असतंय म्हणं. आपण केलं तर केस होईल का?" एका गटाला तर मशीन विकायला आलेल्या माणसानंच ही भीती घातली होती. म्हणून आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. उत्तर चार वाक्यांत देता आलं असतं. पण शोधता शोधता शंभर वर्षांचा इतिहास हाती लागला, आणि त्यात अशी भांडणं निघाली की त्यापुढे बांधावरची भाऊबंदकी परवडली. म्हणून आज सगळंच सांगतो.

आधी आपलं घरचं. पॅड येण्याआधी आपल्याकडे जुनेर होतं. सुती लुगडं वर्षानुवर्षं नेसून, धुऊन धुऊन मऊ झालं, की त्याचे तुकडे निघायचे. गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलत बसलो तेव्हा बहुतेकींनी एकच सांगितलं, की नवं कापड या कामाचं नाही. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही आणि अंगाला काचतं. घडीसुद्धा कशीही घालायची नसते. अंगाकडे सगळ्यात विरलेला, मऊ तुकडा. मध्ये चार-पाच पदरांची जाड घडी. आणि बाजाराला किंवा यल्लम्माच्या जत्रेला जायचं असेल, तर सगळ्यात खाली घट्ट विणीचं एखादं कापड, म्हणजे डाग बाहेर यायचा नाही. तान्ह्या पोराच्या बाळुत्यातही हीच अक्कल होती. वाकळ शिवताना कुठला पदर वर आणि कुठला आत, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नाही.

त्या घडीतली तीन कामं ध्यानात ठेवा. वरचा पदर ओल खाली सोडतो, मधला धरून ठेवतो, खालचा अडवतो. पुढे अमेरिकेच्या कोर्टांत कोट्यवधी डॉलरचे जे खटले चालले, ते फिरून फिरून याच तीन कामांभोवती चालले.

आता पेटंट म्हणजे काय ते पाहू. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, पण तो शब्द आम्ही कुणाच्या तोंडी ऐकला नाही, तेव्हा पेटंटच म्हणू. हा शोध लावणारा आणि सरकार यांच्यातला सौदा असतो. शोध लावणाऱ्यानं आपली युक्ती कागदावर सगळ्यांसमोर उघड करायची. त्याच्या बदल्यात ठरावीक वर्षं त्याच्या परवानगीशिवाय ती कुणी बनवायची नाही, विकायची नाही, वापरायची नाही. मुदत संपली की ती युक्ती सगळ्यांची. आपल्या देशात आज ही मुदत अर्ज केल्या तारखेपासून २० वर्षं आहे. कायदा १९७० चा आहे, पण भारतातला पहिला पेटंट कायदा त्याच्याही कितीतरी आधी, १८५६ साली आला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डिपेनिंग यांनी केला होता, छताचा पंखा ओढायच्या यंत्रासाठी. साहेबाला वारा कसा लागेल, याची पहिली काळजी!

पेटंटची मोठी अट म्हणजे युक्ती नवी पाहिजे. आधी कुणालाच ठाऊक नसलेली. आपल्या सांगली जिल्ह्याला हे हळदीवरून लगेच समजेल. १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं: जखम भरून येण्यासाठी हळद लावणे. आता हे आपल्या घरात पाचवीतल्या पोरीलाही ठाऊक आहे. पण कोर्टकचेरीत 'आमच्या आजीला ठाऊक होतं' असं नुसतं म्हणून चालत नाही. भारत सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकारानं ३२ लेखी पुरावे गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ साली वैद्यकीय मासिकात छापलेला एक लेखही होता. ते पुढे ठेवल्यावर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरलं. ज्या हळदीचा सौदा सांगलीच्या पेठेत होतो आणि जिला २०१८ साली सांगलीची हळद म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, तिची ही गोष्ट आहे. हळदीला वाचवलं ते कागदानं. जुनेराच्या घडीबद्दल असा लेख कुणी छापला होता? पाळीचा विषय बायका आपापसात कुजबुजत बोलायच्या, पुरुष तोंडावर आणायचे नाहीत, मग लिहून ठेवणार कोण? आम्हाला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

आता बाजारातला पॅड घेऊ. आम्ही एक पॅड कात्रीनं उभा कापून पाहिला. तुम्हीही पुढच्या बैठकीत कापा. सगळ्यात वर जाळी. तिच्याखाली एक पातळ, मऊ पट्टी, जी ओल एका जागी न ठेवता लांबवर पसरवते. मध्ये कापसासारखा दिसणारा लगदा, आणि पातळ पॅड असेल तर त्यात साखरेसारखे बारीक कण. खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याच्याखाली गोंदाच्या पट्ट्या, आणि त्यावर सोलून काढायचा कागद. मधल्या भागावर चमच्यानं पाणी टाकत गेलो, तर ते कण साबुदाण्यासारखे फुगले आणि दाबूनही पाणी सुटेना. या प्रत्येक पदराला स्वतःचा इतिहास आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी मालक होता.

मधला लगदा कापूस नाही, तो झाडाच्या लाकडाचा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या किंबर्ली-क्लार्क कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून जखमा बांधायचं साहित्य बनवलं. नाव होतं सेल्युकॉटन. ते कापसापेक्षा कितीतरी जास्त शोषून घेई आणि स्वस्तही पडे. फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या नर्सबाईंनी ते पाळीसाठी वापरायला सुरुवात केली. युद्ध संपलं, मालाचे ढीग उरले, आणि कंपनीच्या लक्षात आलं की याला दुसरं गिऱ्हाईक आहे. १९२० साली कोटेक्स नावाचा पॅड बाजारात आला. युक्ती नर्सबाईंची, माल कंपनीचा. त्या बायकांची नावं आम्हाला कुठे सापडली नाहीत.

साबुदाण्यासारख्या त्या कणांची गोष्ट तर आपल्यासारख्या दुष्काळी भागानं ऐकावी अशी आहे. अमेरिकेत पिओरिया नावाच्या गावी तिथल्या शेती खात्याची प्रयोगशाळा आहे. मक्याच्या पिठूळ भागाचं, म्हणजे स्टार्चचं, आणखी काय करता येईल हे तिथे शोधत होते. त्यातून असा पदार्थ निघाला, जो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरून ठेवतो. त्याचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. सरकारी पेटंट असल्यामुळे ते एकाच कंपनीच्या घशात गेलं नाही, अनेकांना परवाने दिले गेले. पुढे बाळांच्या डायपरमध्ये आणि बायकांच्या पॅडमध्ये या जातीचे कण आले, आणि जाड उशीसारखा पॅड बोटाएवढा पातळ झाला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९८० च्या दशकात असाच पदार्थ बनवला, नाव 'जलशक्ती'. तो पॅडसाठी नव्हता, कोरडवाहू शेतात रोपाच्या मुळाशी ओल धरून ठेवण्यासाठी होता. जतच्या माळावर जे पाणी धरायला पाहिजे, तेच तंत्र शहरात डायपरमध्ये फुगतं, ही गंमत म्हणायची की काय, तुम्हीच ठरवा.

वरची जाळी साधी दिसते, पण तिच्यात खरी हुशारी आहे. नीट पाहिलं तर तिची भोकं नरसाळ्यासारखी आहेत. वरून रुंद, खाली निमुळती. ओल खाली उतरते, पण वजन पडलं तरी सहज वर येत नाही. ह्यू थॉम्पसन नावाच्या संशोधकाच्या नावावर या निमुळत्या भोकांचं पेटंट १९७५ च्या डिसेंबरमध्ये निघालं, आणि मालकी होती प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीची. ही तीच कंपनी, जिचा व्हिस्पर पॅड आपल्या दुकानांत मिळतो. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती. म्हणजे हे पेटंट १९९२ मध्येच संपलं.

गोंदाच्या पट्ट्यांवरूनसुद्धा भांडण झालंय, हे ऐकून आम्ही हसलो. पट्टी एक लावायची की दोन, मधोमध लावायची की कडेला, यावरून किंबर्ली-क्लार्क आणि जॉन्सन अँड जॉन्सन या दोन बलाढ्य कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९८४ मध्ये खटला अपील कोर्टापर्यंत पोचला. पण हसण्यासारखं नाही ते. गोंद येण्यापूर्वी कमरेला पट्टा बांधून त्याला पॅड अडकवावा लागायचा. गोंदानं तो पट्टा गेला. कोट्यवधी बायका महिन्यातून चार दिवस जी वस्तू वापरतात, तिच्यातली बोटभर पट्टीसुद्धा पैशाची खाण असते.

त्या पट्ट्याशी एका बाईचं नाव जोडलेलं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेरी बिअ‍ॅट्रिस केनर. अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई. ओल बाहेर न येऊ देणारा कप्पा असलेला पट्टा तिनं बनवला आणि १९५६ साली तिला पेटंट मिळालं. एका कंपनीनं त्यात रस दाखवला, माणूस भेटायला पाठवला. बाई काळी आहे हे कळल्यावर कंपनीनं अंग काढून घेतलं. पेटंटची मुदत संपेपर्यंत पट्ट्यांचा जमानाही सरला. तिला त्यातून पैसा मिळाला नाही. उलट मेरियन डोनोव्हन ही दुसरी बाई पाहा. रात्री-अपरात्री बाळाचं अंथरूण बदलून वैतागलेली. १९४६ मध्ये तिनं न्हाणीघराचा पडदा कापला आणि बाळुत्यावर घालायचं, ओल अडवणारं वेष्टण शिवलं. कारखानदारांनी तिला परत पाठवलं, तेव्हा तिनं स्वतःच माल काढला आणि १९४९ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात विकायला ठेवला. १९५१ मध्ये पेटंट मिळालं आणि ते हक्क तिनं दहा लाख डॉलरला विकले. दोघींकडे कागद होता. एकीच्या कागदाला किंमत आली, दुसरीच्या नाही. कागद असला म्हणजे सगळं झालं, असं आम्ही म्हणत नाही ते यासाठी.

आता मोठ्या भांडणांकडे येऊ. ही भांडणं जास्त करून डायपरवरून झाली, कारण पैसा तिथे जास्त होता, पण डायपर आणि पॅड ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. पदर तेच. डायपरमध्ये मांडीजवळ आतल्या बाजूला चुणीदार उभ्या कडा असतात, बांधासारख्या. त्या कुणी आधी काढल्या यावरून किंबर्ली-क्लार्क आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांच्यात जुंपली. किंबर्ली-क्लार्ककडे एन्लो या संशोधकाच्या नावाचं पेटंट होतं, प्रॉक्टरकडे लॉसन यांच्या नावाचं. तारखा मोजायची वेळ आली तेव्हा प्रॉक्टरच्या वकिलांना आपल्याच कंपनीत एक जुनं काम सापडलं. बुएल नावाच्या त्यांच्याच माणसानं लॉसनच्या काही वर्षं आधी तसल्याच कडांवर काम केलं होतं. ते बाजूला पडलं होतं आणि लॉसनना त्याचा पत्ताच नव्हता. कंपनी म्हणाली, मग हा दोघांचा मिळून शोध धरा, म्हणजे आमची तारीख आधीची लागेल. १९९२ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, की ज्यांना एकमेकांच्या कामाची खबरच नाही, त्यांना मिळून शोध लावला असं म्हणता येणार नाही. मिळून काम करायचं तर थोडं तरी एकमेकांच्या हाताला हात लागलेला पाहिजे.

आम्ही हे वाचलं आणि आपल्या वाकळेची आठवण झाली. चार जणी बसून शिवतात ती वाकळ चौघींची. पण शिराळ्याच्या बाईनं शिवलेली आणि उमदीच्या बाईनं शिवलेली सारखी निघाली, म्हणून ती दोघींनी मिळून शिवली असं होत नाही. कोर्टाचं म्हणणं बरोबर वाटतं. तरी एक गोष्ट राहतेच. दोन माणसांना एकमेकांच्या नकळत एकच युक्ती सुचली, तर ती युक्ती इतकी अनोखी होती का? गरज सारखी असली की डोकी सारखी चालतात. आपल्या आज्यांची घडी गावोगाव सारखीच होती, ती याचमुळे.

त्या दोन कंपन्यांनी पुढे आपसात मिटवलं. थोरामोठ्यांचं असंच असतं. तुझ्याकडे कागद, माझ्याकडे कागद, मग बसून बोलू. ज्याच्याकडे असे कागद नाहीत, त्याची कशी गत होते ते पॅरागॉन कंपनीच्या बाबतीत दिसलं. पॅरागॉन ही स्वतःच्या नावानं गाजलेली कंपनी नव्हती. ती दुकानांसाठी त्या त्या दुकानाच्या नावाचे स्वस्त डायपर बनवायची. मोठ्या छापाचा डायपर परवडत नाही अशी आई तो घ्यायची. प्रॉक्टरनं तिच्यावर त्याच चुणीदार कडांच्या पेटंटवरून दावा लावला. ३० डिसेंबर १९९७ रोजी डेलावेअरच्या कोर्टाचा निकाल पॅरागॉनच्या विरोधात गेला. नुकसानभरपाई निघाली सुमारे १७ कोटी ८० लाख डॉलर. निकालानंतर एका आठवड्यात, ६ जानेवारी १९९८ ला, पॅरागॉननं दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. कायद्यानं पाहिलं तर निकाल निकालच आहे. दुसऱ्याच्या मळ्यातून ऊस तोडला तर भरपाई द्यावीच लागते. पण भांडणाचा भार शेवटी कुणावर पडतो, हेही पाहायला पाहिजे. बाजारातून स्वस्त माल बनवणारा खचला, की वस्तू घेणाऱ्या बाईच्या पर्सला त्याची झळ लागते.

आणखी एक खटला सांगतो, कारण त्यात 'गप्प बसणे' हा मुद्दा होता. स्वीडनची एससीए कंपनी आणि अमेरिकेची फर्स्ट क्वालिटी. माल होता मोठ्या माणसांचे डायपर, म्हणजे लघवीवर ताबा नसलेल्या म्हाताऱ्यांसाठीचे. २००३ मध्ये एससीएनं पत्र लिहिलं: तुम्ही आमचं पेटंट मोडताय. फर्स्ट क्वालिटीनं उत्तर दिलं: तुमच्या पेटंटच्या आधीच वातानाबे यांच्या नावाचं एक पेटंट आहे, त्यात हे सगळं आलेलं आहे, तेव्हा तुमचंच खोटं ठरतं. बघा, हळदीचाच मुद्दा. एससीएनं उलट पत्र लिहिलं नाही. २००४ मध्ये गुपचूप पेटंट कार्यालयाकडेच जाऊन आपलं पेटंट पुन्हा तपासून घ्या म्हटलं. २००७ मध्ये कार्यालयानं ते कायम केलं. आणि २०१० मध्ये, पहिल्या पत्रानंतर सात वर्षांनी, दावा ठोकला. मधल्या काळात समोरच्यानं धंद्यात बराच पैसा घातलेला. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं गप्प बसलात, आता कसली भरपाई? खालच्या कोर्टांनी ते मानलं. पण २१ मार्च २०१७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक मतानं उलटा निकाल दिला: दाव्याच्या मागच्या सहा वर्षांची भरपाई मागायची मुभा कायद्यानंच दिली आहे, नुसत्या उशिरामुळे ती जात नाही. आमचं मत त्या एका न्यायमूर्तीच्या बाजूनं झुकतं. पण धंदा करणाऱ्यानं यातून एवढं घ्यावं, की समोरचा गप्प आहे याचा अर्थ त्यानं सोडून दिलं असा होत नाही.

मग आपल्या गटाच्या प्रश्नाचं काय? आता सरळ सांगतो.

अमेरिकेचं पेटंट अमेरिकेत चालतं, भारतात नाही. भारतात हक्क पाहिजे तर भारतात वेगळा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, ठरलेली फी दरवर्षी भरत राहावी लागते, आणि फी थकली तर पेटंट पडतं. जाळी, मधला लगदा, खालचा पापुद्रा, गोंद अशी साध्या पॅडची जुनी मांडणी आज कुणाच्याही मालकीची नाही. ती पेटंटं केव्हाच संपली. ती मांडणी गटानं वापरली तर कुणाचं काही चोरलं असं होत नाही. शिवाय आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे, की ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या इकडून तिकडे मांडल्या आणि त्या आपापलं जुनंच काम करत राहिल्या, तर त्याला पेटंट नाही. परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानालाही नाही.

पण म्हणून सगळंच मोकळं आहे असं समजू नका. नवनव्या युक्त्यांची पेटंटं आजही निघतात. एखाद्या मशीनवर चालू पेटंट असेल आणि तुम्ही त्याची नक्कल स्वस्तात घेतली, तर विकणाराच नाही, वापरणाराही अडचणीत येऊ शकतो. म्हणून विकणारा 'पेटंट आहे' म्हणाला की घाबरायचं नाही आणि मान डोलवायची नाही. विचारायचं, "नंबर सांगा. कोणत्या देशाचं? कशावर आहे, मशीनवर की पॅडवर? कोणत्या साली अर्ज केला?" तो नंबर भारत सरकारच्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. गटातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती पाहील. आणि नुसता अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असंही नाही. मंजुरीपूर्वी त्या अर्जाला कुणीही लेखी विरोध करू शकतं, वकीलच पाहिजे असं नाही. मंजुरीनंतरही एक वर्षापर्यंत ज्याचा संबंध आहे तो विरोध करू शकतो. छापाचं नाव आणि खूण ही मात्र वेगळी गोष्ट. ती मुदत वाढवत वाढवत कायम ठेवता येते, तेव्हा दुसऱ्याच्या नावासारखं नाव पाकिटावर घालायच्या फंदात पडू नका.

मशीनचं बोलतोय तर तमिळनाडूच्या कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम आठवणारच. अक्षय कुमारच्या सिनेमामुळे ते घराघरांत पोचले. एक बाब अशी, की त्यांची दोन वर्षांहून जास्त वर्षं एका साध्या कोड्यात गेली: कंपनीचा पॅड ओल धरतो, माझा कापसाचा का धरत नाही? मधला पदर कापूस नसून लाकडाचा लगदा आहे, हे त्यांना उशिरा कळलं. कंपन्यांसाठी ती काही नवी गोष्ट नव्हती, १९२० पासूनची होती. पेटंटचे कागद सगळ्यांसाठी उघडे असतात म्हणतात, पण ते इंग्रजीत आणि वकिली भाषेत असतात. उघडं असणं आणि पोचणं यात किती अंतर आहे, ते त्या दोन वर्षांवरून मोजा. मुरुगनाथम यांनी पुढे पॅडवर नव्हे, तर छोट्या मशीनवर पेटंट घेतलं, आणि ते मोठ्या कंपन्यांना न विकता बायकांच्या गटांना मशीन देत राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेटंट घेऊनही दार उघडं ठेवता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा. पेटंट म्हणजे वस्तू नवी आहे याचा दाखला. ती चांगली आहे, अंगाला बाधणार नाही, याचा तो दाखला नाही. जास्तीत जास्त शोषून घेण्याच्या शर्यतीत अमेरिकेत 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन आला होता. टॅम्पॉन म्हणजे शरीराच्या आत ठेवायची सुरळी. तो वापरणाऱ्या बायकांना जिवावर बेतणारा आजार होतोय असं दिसल्यावर, सप्टेंबर १९८० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलला तो बाजारातून मागे घ्यावा लागला. पॅड बाहेर वापरायचा असल्यामुळे तशी भीती नसते, तरी तासन्‌तास एकच ठेवू नये. आपल्याकडे पॅडच्या दर्जासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस ५४०५. गट पॅड काढणार असेल तर पेटंटपेक्षा या मानकाची काळजी आधी करा: शोषण किती, गळती किती, जंतूंपासून स्वच्छता किती. आमच्या पाहण्यात काही गटांचे पॅड पडून राहिले, ते नोटिशीमुळे नाही. मधला पदर एकसारखा बसला नव्हता, आणि एकदा डाग पडला की गिऱ्हाईक परत येत नाही. १२ टक्के जीएसटी २०१८ च्या जुलैमध्ये उठला, तरी लगद्याचा भाव आणि वाहतूक यांचा हिशोब राहतोच. तो कागदावर मांडल्याशिवाय कर्ज काढू नका.

एक पदर आज बोलायचा राहिला, सगळ्यात खालचा, प्लॅस्टिकचा. गोंदानं सगळे पदर असे चिकटवलेले असतात, की वापरून झाल्यावर ते सुटे होत नाहीत, कुजत नाहीत, नीट जळत नाहीत. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं २०१३ मध्ये वापरलेले पॅड पाकिटात घालून थेट कंपन्यांच्या कार्यालयांत परत पाठवले होते. त्यांनी ते का केलं, २०१६ च्या घनकचरा नियमांत त्यानंतर काय आलं, आणि जिथे घंटागाडी येत नाही अशा आपल्या वाड्यावस्त्यांवर काय करता येईल, ते पुढच्या भागात. तोवर बैठकीत एक पॅड कापून पाहा, आणि आपल्या आजीला किंवा सासूला ती घडी कशी घालत होती ते विचारा. जे सांगतील ते वहीत उतरवा, खाली गावाचं नाव आणि तारीख घाला, आणि आमच्याकडे पाठवा. आम्ही ते वाचू आणि पुढच्या अंकात छापू.